मौनाचा अर्थ कोणी लावायचा

आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीला विचारण्याची एक रीत होती. बैठकीत आठदहा माणसे असत. त्यांतले एखादे वडीलधारे 'काय गं, पसंत आहे ना?' असे सगळ्यांदेखत विचारत. मुलगी मान खाली घाली. मग कोणीतरी 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणे आणि पेढे फिरू लागत. मुलगी 'नाही' म्हणाली असती तर पुढे काय, याचा विचार कोणी करून ठेवलेला नसे. तिने 'नाही' म्हणण्याची सोयच त्या बैठकीत नव्हती.

या वचनात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. माणूस गप्प राहिला, तर त्याच्या गप्प राहण्यातून दुसऱ्याने काय गृहीत धरावे? धर्म सांगणाऱ्याला, पंचाला, न्यायाधीशाला, सगळ्यांनाच कधी ना कधी मौनाचा अर्थ लावावा लागतो. तो अर्थ लावण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळतो?

मी पूर्व विदर्भातल्या एका विधी महाविद्यालयात पुराव्याचा कायदा शिकवते. काय गृहीत धरावे आणि काय धरू नये, हे सांगण्यातच या कायद्याचा बराच भाग खर्च झालेला आहे. माझे विद्यार्थी वडसा, आरमोरी, नागभीड, सिंदेवाही इकडून येतात. कोणी एसटीने, कोणी गोंदिया-बल्लारशा गाडीने. रोवणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असतो आणि त्याबद्दल मी कोणाला बोलत नाही. वर्गात प्राथमिक शिक्षक असतात, अंगणवाडी सेविका असतात, एकदोन पोलीस शिपाईही असतात. वडसा म्हणजेच देसाईगंज. भारतातल्या बलात्काराच्या कायद्याला ज्या घटनेने वळण दिले ती याच गावच्या पोलीस ठाण्यात घडली, हे माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांना वर्गात येईपर्यंत माहीत नसते. गाव त्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे, तरीही.

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. मोलमजुरी करणारी, आईवडील नसलेली एक आदिवासी मुलगी. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिला, ती जिथे कामाला होती त्या घरच्या माणसांसह ठाण्यात बोलावलेले होते. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजून गेले, बाकीच्यांना जायला सांगितले आणि तिला मात्र थांबवून घेतले. भाऊ आणि सोबतची माणसे बाहेर उभी होती. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून बंद झाले. एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि नंतर हवालदाराने अतिप्रसंग केला, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले.

हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत तिच्या नावाने शिकवले जाते. मी ते नाव इथे लिहीत नाही आणि वर्गातही घेत नाही. याच प्रकरणानंतर, १९८३ मध्ये, पीडितेचे नाव छापण्यास मनाई करणारे कलम दंड संहितेत आले. निकालाचे अधिकृत शीर्षक आरोपी हवालदाराच्या नावाने आहे. अभ्यासकांनी आणि आंदोलनांनी मात्र तिचे नाव उचलले. त्यामागे सहानुभूती होती यात मला शंका नाही. पण पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या वहीत तिचे नाव लिहून गुण मिळवावेत, हे मला सहन होत नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडले. मुलीच्या पूर्वायुष्याबद्दल त्या निकालात जे म्हटले आहे ते पुन्हा लिहिण्याच्या लायकीचे नाही. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. खंडपीठाने एक साधी गोष्ट ओळखली होती. भीतीपोटी शरीर सोडून देणे ही एक गोष्ट आणि मनाने तयार असणे ही दुसरी. हे दोघे पुरुष तिला पूर्णपणे अनोळखी होते, ती तक्रारीच्या कामासाठी ठाण्यात आलेली होती. अशा मुलीच्या निमूटपणाला इच्छा म्हणता येत नाही. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने हेही उलटवले. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणून झटापट झाली नसणार. हात धरून नेले जात असताना तिने ओरडायला हवे होते, हात झटकायला हवा होता. तसे झाले नाही, तेव्हा जे घडले ते शांतपणे घडले. संमती नव्हती हे सिद्ध झालेले नाही. दोघे सुटले.

लग्नाच्या बैठकीतले वचनच देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात बोलले गेले होते, फक्त संस्कृतात नव्हे.

आता माझ्या विषयातले एक कलम पाहा. पुराव्याचा अधिनियम १८७२ चा, फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने तयार केलेला. त्याचे कलम २५ सांगत होते की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. नवा भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यात हीच तरतूद कलम २३ मध्ये आहे. आरोपीने ठाण्यात बसून 'होय, मीच केले' असे स्वच्छ शब्दांत सांगितले, कागदावर अंगठा उमटवला, तरी न्यायालय तिकडे पाहत नाही. का पाहत नाही? त्या चार भिंतींत माणूस मोकळेपणाने बोलत नाही, हे परक्या सरकारलासुद्धा मान्य करावे लागले होते. तिथे भीती असते. ती दिसत नाही, तिचे वळ उठतातच असे नाही, म्हणून कायद्याने वळ शोधण्याचा नादच सोडला आणि ठाण्यातल्या 'होय'वर सरसकट अविश्वास ठेवला.

म्हणजे १८७२ पासून भारतीय कायदा म्हणत आला की पोलीस ठाण्यात उच्चारलेला होकार हा होकार नव्हे. आणि १९७८ मध्ये त्याच कायद्याचा अर्थ लावताना पोलीस ठाण्यातली न उच्चारलेली गोष्ट होकार ठरली. माझ्या मते त्या निकालातला खरा दोष हा आहे. न्यायमूर्तींचे मन कठोर होते की कोमल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. कायद्याने जी जागा भीतीची म्हणून शंभर वर्षांपूर्वी ओळखली, ती जागा मुलीच्या बाबतीत एखाद्या मोकळ्या अंगणासारखी धरली गेली. एकाच खोलीविषयी दोन समजुती. आरोपी पुरुषासाठी एक, मजूर मुलीसाठी दुसरी.

मौनाचा प्रश्न इथे मला सुटायला लागतो. गप्प राहण्याला संमतीचा अर्थ केव्हा येतो? बोलणे शक्य असते, बोलल्याने जिवाला, अब्रूला किंवा भाकरीला धोका नसतो, आणि तरीही माणूस बोलत नाही, तेव्हाच. ज्याला बोलता येत होते त्याचे मौन त्याच्या खात्यावर जमा होते. ज्याचे तोंड परिस्थितीने बांधलेले होते त्याच्या मौनातून काहीच निघत नाही. फार तर ते बांधणाऱ्याविरुद्धचा पुरावा ठरते. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते चुकीच्या माणसांना लावले गेले.

मग ते कोणाला लावायचे? तर मला, आणि माझ्यासारख्यांना.

१९७८ चा तो निकाल विधी अहवालांत छापून आला. विद्यापीठांच्या वाचनालयांत पोहोचला. कायदा शिकवणाऱ्यांचे काम निकाल वाचण्याचेच असते. त्यासाठी त्यांना पगार मिळतो. निकाल वाचून त्यातले तत्त्व काढायचे, वहीत उतरवून द्यायचे आणि पुढच्या निकालाकडे वळायचे, एवढ्यावर भागत असते. चौघांनी तसे केले नाही. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. १६ सप्टेंबर १९७९ ला, निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाला तेव्हा, या चार कायदा-शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, मूळ पुण्याचे.

ते पत्र भावनेने भरलेले आहे, पण त्याचा कणा वकिली युक्तिवादाचा आहे. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा खंडपीठाने दाखवलेला भेद सर्वोच्च न्यायालयाने का पुसला, असे ते विचारते. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेणे हेच मुळात बेकायदा होते, त्याबद्दल निकालात निषेधाचा शब्द का नाही, असे विचारते. निकालाच्या काही महिने आधीच, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्रियांना ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत टीका केली होती. न्यायालयाला आपल्याच घरातला तो आवाज आठवू नये का, असेही विचारते. चौघांपैकी कोणी त्या मुलीच्या तोंडून बोलण्याचा आव आणलेला नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच: "मॅडम, पण तिला कोणी विचारलं होतं का? तिच्यासाठी बोलायचा हक्क ह्यांना कोणी दिला?" प्रश्न बरोबर आहे आणि विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते. शोषितांच्या नावाने बोलणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या अनेकांना बोलण्याचा मान मिळतो आणि ज्याच्या नावाने बोलायचे तो जिथल्या तिथे राहतो. या चौघांकडे तशा नजरेने पाहिले तरी एक गोष्ट उरते. त्यांनी न्यायमूर्तींच्या तर्काबद्दल लिहिले, आणि तर्क तपासणे हे त्यांचे स्वतःचे क्षेत्र होते. निकालातली गृहीतके उद्या त्यांच्याच तोंडून विद्यार्थ्यांपर्यंत जाणार होती. ते गप्प राहिले असते तर त्या गृहीतकांना त्यांची संमती झाली असती, पूर्ण आणि मोकळेपणाने दिलेली. ठाण्यात त्यांना कोणी कोंडलेले नव्हते. म्हणून ते बोलले ते तिच्या हक्काने नव्हे. स्वतःचे मौन त्यांनी मोडले, आणि ते मोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

यापैकी लोतिका सरकार यांच्याबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. १९५१ मध्ये केंब्रिजहून कायद्यातली डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाई दिल्लीत आयुष्यभर शिकवत राहिल्या. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या त्या सदस्य होत्या. त्या समितीचा १९७४ चा अहवाल पुढच्या सगळ्या स्त्री-अभ्यासाचा पाया ठरला. १९८१ मध्ये त्यांनी आणि बक्षींनी आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातल्या हालांबद्दल असेच पत्र लिहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. शोधनिबंधांच्या याद्यांत पत्राला गुण नसतात. या बाईंनी पत्रातून जे घडवले ते शंभर निबंधांनी झाले नसते.

गप्प राहण्याचा दोष किती आणि त्याची वाटणी कशी करायची, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीने टाहो फोडला हे आपल्याला कीर्तनांतून आणि चित्रपटांतून माहीत असते. तिने प्रश्न विचारला होता, हे कमी वेळा सांगितले जाते, आणि तो अस्सल कायद्याचा प्रश्न होता. जो आधी स्वतःला हरला, त्याला नंतर मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? मालकी संपलेल्या माणसाचा व्यवहार वैध कसा? सभेत भीष्म होते, द्रोण होते. भीष्मांनी उत्तर दिले ते एवढेच की धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निश्चित सांगता येत नाही. विद्वत्तेने स्वतःची सुटका कशी करून घ्यावी, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे नसेल. कौरवांतल्या धाकट्या विकर्णाने मात्र उभे राहून सांगितले की ती जिंकली गेलेली नाही. त्याला कर्णाने गप्प बसवले.

त्याच सभेत विदुर एक हिशेब मांडतो. सभेत अन्याय घडला आणि निंद्य गोष्टीची निंदा झाली नाही, तर पापाचा निम्मा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, चौथा हिस्सा प्रत्यक्ष करणाऱ्याकडे, आणि उरलेला चौथा हिस्सा गप्प बसलेल्या सभासदांकडे. करणारा आणि पाहून गप्प बसणारे यांना समान वाटा! मी हा हिशेब दरवर्षी फळ्यावर लिहिते. विद्यार्थी आधी हसतात, मग कोणीतरी म्हणते की सभासद पुष्कळ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडे येईल. वकील होण्याची चिन्हे. पण विदुराने तो भाग माणशी वाटून हलका केलेला नाही, हेही खरे.

पापाची वाटणी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही येते, आणि काही विद्वान ती अभिमानाने दाखवतात. मी ती तिथून घेत नाही. तोच अध्याय सभेत धर्म सांगण्याचा अधिकार जन्माने ठरवतो आणि शूद्राला त्यातून बाहेर ठेवतो. सभेत बसलेल्यांचे मौन तोलायचे आणि दाराबाहेर थांबवलेल्यांना मुळात बोलूच द्यायचे नाही, हा न्याय होत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये तो ग्रंथ जाळला गेला, त्यामागे हे कारण होते.

महाडच्याच संदर्भात एक गोष्ट कायदा शिकवणाऱ्यांनी विसरू नये. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरमध्ये स्पृश्यांपैकी काही जण दिवाणी न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे काय होते? तळे फक्त स्पृश्यांसाठी आहे, ही अनादी काळापासूनची रूढी आहे. आणि रूढीचा पुरावा काय? अस्पृश्य तिथे कधी पाणी भरायला आलेच नाहीत. ते आले नाहीत, कारण येऊ दिले जात नव्हते; आणि ते आले नाहीत, म्हणून त्यांना येण्याचा अधिकार नाही! मारहाणीच्या भीतीने दूर राहिलेल्या माणसांचे दूर राहणे हीच त्यांची संमती, असा तो दावा होता. देसाईगंजच्या प्रकरणात जे गृहीतक वापरले गेले त्याचाच हा आधीचा अवतार.

तो दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अशी रूढी अनादी काळापासून होती हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या दिवशी या खटल्यातले मुख्य प्रतिवादी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये तिथे शिकवायला सुरुवात केली होती आणि जून १९३५ पासून ते प्राचार्य होते. म्हणजे रूढीला कायद्याचे बळ केव्हा येते हे वर्गात समजावून सांगणारा शिक्षक, त्याच प्रश्नावर स्वतः प्रतिवादी म्हणून न्यायालयात उभा होता. शिकवणे, अभ्यास आणि न्यायासाठी लढणे ही तीन वेगळी कामे आहेत असे आज आपल्या व्यवस्थेने ठरवून टाकले आहे. त्यांच्या आयुष्यात ती वेगळी नव्हती. प्राध्यापकाने तटस्थ असावे असे मला वारंवार सांगितले जाते. पुरावा तोलताना तटस्थ असायलाच हवे. पण तळ्यावर कोणाला पाणी मिळावे या प्रश्नात तटस्थ राहणाऱ्याने पाणी भरणाऱ्यांची बाजू आधीच घेतलेली असते.

आता एका अडचणीबद्दल, आणि ती खरी अडचण आहे. एकदा मी पुरावा कायद्याचे कलम ११४अ शिकवत होते. १९८३ च्या दुरुस्तीने ते आले. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने १९८० मध्ये अहवाल दिला, आणि शेवटी कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यांत संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने माझी संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालय गृहीत धरते. नव्या अधिनियमात हे कलम १२० आहे. मागच्या बाकावरचा शिपाई उभा राहिला. नोकरी सांभाळून शिकणारा, वाचणारा मुलगा. "मॅडम, शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा नको, हे तुम्हीच शिकवलं. मग इथं आरोपीनं स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं, हे कसं काय? उद्या कोणी माझ्यावर खोटी तक्रार केली तर?"

वर्गातल्या काही मुली चिडल्या. मी त्यांना थांबवले, कारण प्रश्न तुच्छतेने बाजूला सारण्याजोगा नव्हता. संशयाचा फायदा आरोपीला देणे हे तत्त्व आमच्या भागात ऐषारामाचे नाही. इथल्या जंगलातला एखादा माडिया किंवा गोंड तरुण, ज्याला न्यायालयाची भाषा कळत नाही, जो जामिनाच्या पैशांअभावी महिनोन् महिने कच्चा कैदी म्हणून पडून राहतो, त्याच्यासाठी तेच एकमेव छप्पर आहे. सामाजिक न्यायाच्या उत्साहात ते छप्पर उडवून लावणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण त्या शिपायाला मी कलम २५ पुन्हा उघडायला सांगितले. आरोपीच्या कबुलीवर कायदा अविश्वास ठेवतो तो का? ठाण्यात किल्ली पोलिसाच्या हातात असते म्हणून. ११४अ सुद्धा हेच म्हणते. किल्ली ज्याच्या हातात होती त्याने आत काय घडले याचा जाब द्यावा. गोंड तरुणाला संरक्षण देणारे आणि त्या मुलीला संरक्षण देणारे तत्त्व एकच आहे. दोन्हीकडे आधी विचारायचे ते हे, की त्या खोलीत कोणाला मोकळेपणा होता. शिवाय हे कलम सगळ्या खटल्यांना लागू नाही. संमतीचा मुद्दा उरला असेल तिथेच, आणि कोठडी, रुग्णालय, सुधारगृह अशा सत्तेच्या जागा व कायद्याने नेमून दिलेले इतर काही प्रकार यांपुरते ते लागू आहे. शिपायाला ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "विचार करतो." ते मला पुरेसे होते.

या चर्चेत एक अंगणवाडी सेविका बोलली. ती वर्षभर क्वचितच बोलत असे. अंगणवाडीतल्या धान्याच्या चोरीची तक्रार द्यायला ती एका ठाण्यात गेली होती. "मी शिकलेली, सरकारी कामावर, सोबत नवरा. तरी समोरचा साहेब मोठ्यानं बोलला तर माझ्या तोंडून आवाज निघेना. घरी येऊन मग रडले. ती तर पोरगी होती." वर्ग शांत झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वाभाविक वर्तन म्हणून जे गृहीत धरले होते ते कोणाचे स्वाभाविक वर्तन, हे त्या बाईने चार वाक्यांत दाखवून दिले. माणूस भ्याला की ओरडतो, हे ज्याच्या ओरडण्याला आजवर कोणी धावून आले आहे त्याचे ज्ञान आहे. कायद्याच्या अभ्यासाला खरा माल अशा ठिकाणी मिळतो. निकालात 'सामान्य माणूस', 'स्वाभाविक वर्तन', 'वाजवी प्रतिकार' असे शब्द आले की तो सामान्य माणूस कोण, किती शेतीचा मालक, कोणत्या जातीचा, बाई की पुरुष, हे शोधून काढणे हे अभ्यासकाचे काम आहे.

संसदेने हे मान्य केले २०१३ मध्ये. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही, हे वाक्य तेव्हा बलात्काराच्या व्याख्येत आले. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. देसाईगंजच्या त्या रात्रीला तोवर एकेचाळीस वर्षे होत आली होती. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते ओळखले होतेच. फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही, म्हणून त्या मुलीला १९८३ च्या दुरुस्तीचाही काही उपयोग झाला नाही आणि २०१३ च्याही नाही. तिचा निकाल आहे तसाच आहे.

विद्यार्थी बाजारातल्या गाईडमधून हे सगळे आठ ओळींत वाचतात: तथ्ये, मुद्दा, निर्णय. परीक्षेत दहा गुणांची टीप येते, आठ ओळींत ती भागते. नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांतल्या बहुतेकांनी उघडलेला नसतो, कारण तो रद्द झालेला आहे आणि रद्द झालेल्या निकालाला परीक्षेत किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम असतो, कारण भांडण कुठेतरी थांबायला हवे. तो अंतिम असल्यामुळे बरोबर ठरत नाही. हा फरक विद्यार्थ्याच्या मनात रुजवता आला नाही तर कायदा शिकवणे म्हणजे निव्वळ कलमांची ओळख करून देणे. मी आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून शिकवते. विद्यार्थ्यांच्या मदतीने दोन्हींचा मराठी गोषवारा केला आहे. त्याला वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि माझी त्याला हरकत नाही.

एक गोष्ट मला सतत टोचते. चौघांचे ते पत्र इंग्रजीत होते. ज्यांना ते लिहिले होते त्यांना ती भाषा समजत होती, म्हणून तेव्हा ते योग्यच होते. पण आज, इतक्या वर्षांनंतर, तालुक्याच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, रडणे मराठीत होते, आणि त्या साक्षीचे शेवटी काय झाले याची चिकित्सा मात्र इंग्रजी नियतकालिकांत राहते. वडशाच्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. मिळाली तरी त्याला ती आपली वाटत नाही. महाराष्ट्रात विधी महाविद्यालये गावोगाव निघाली, पण निकालांवर मराठीतून निर्भीडपणे लिहिणारे शिक्षक बोटांवर मोजावे लागतात. आपल्याला नोकरी आहे, वाचनालय आहे, सही करायला हात आहे, आणि कोणी कोंडून ठेवलेले नाही. आपल्या मौनाला संमतीखेरीज दुसरा अर्थ नाही.

म्हणून पुरावा आणि फौजदारी कायदा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. येत्या सत्रात १९७६ चा आणि १९७८ चा निकाल दोन्ही पूर्ण वाचून घ्या, वर्गातल्या अंगणवाडी सेविकेला आणि शिपायाला त्यावर बोलू द्या. आणि वर्षभरात जो एक निकाल तुम्हाला पटला नाही, तो का पटला नाही हे मराठीत चार पाने लिहून, खाली स्वतःचे नाव घालून, छापायला द्या.